मागचं पान

उभादांड्याच्या मच्छीमार सोसायटीचा डिझेलचा दाखला.
मजकूर एका पानाचा, निघतात दोन.
दुसऱ्यावर माथ्याशी सोसायटीचं नाव, तळाशी आकडा दोन,
मधे काहीच नाही,
मासेमारी बंदीतल्या धक्क्यासारखं.

"ह्यां दुसरां पान कोरां कित्याक येता गो?"
चेअरमन भिवा कुबल दर खेपेला विचारतात.
मी म्हणते, येता खरां,
आणि पिन मारून दोन्ही पानं हातात देते.

परवा लाइट होती, गिऱ्हाईक नव्हतं.
बसले एकदाची.

आधी समास पाहिले. डावा सव्वा इंच, ठीक.
कागदाचं माप मात्र अमेरिकी निघालं,
आपला ए-फोर त्याहून उंच आणि रोडका.
बदललं. ओळी जराशा सरकल्या, झोपेत कूस वळल्यासारख्या.
दुसरं पान तिथंच.
फॉन्ट एकाने उतरवला, ओळींमधलं अंतर आवळलं,
फूटर वर उचलला, परत खाली सोडला.
दुसरं पान तिथंच.

मग लपलेल्या खुणा दाखवायचं बटण दाबलं
आणि ओहोटी लागावी तसा कागद उघडा पडला.
शब्दाशब्दांत ठिपके,
कुर्ल्यांनी बिळाबाहेर टाकलेल्या वाळूच्या गोळ्या.
टॅबच्या जागी बाण, तुतवारीची पावलं.
आणि 'सचिव' या शब्दाच्या वर
एकाखाली एक टांगलेले चौदा गळ.

चौदा वेळा एंटर.
सही खाली ढकलायला.

म्हणजे हा हात इनासबाबचा.
इनास रॉड्रिग्ज, सोसायटीचे जुने क्लार्क,
एकतीस वर्षं टाइपरायटरवर, शेवटची चार कॉम्प्युटरवर.
सही खाली हवी तर दांडा ओढायचा,
खाट, खाट, मनात मोजत.
त्यांना कुणी सांगितलंच नाही
की आता कागदाला नुसतं सांगता येतं, एवढं सोडून लिही.
मी तरी कुठे सांगितलं?
शेजारच्याच टेबलावर शिकाऊ होते, हसले मात्र होते.

चौदाही पुसले.
उरली एक खूण, बोटींच्या तक्त्याच्या पाठीमागे.
तक्ता संपला की एक रिकामी ओळ लागतेच,
ती कुणालाच पुसता येत नाही.
तिला एक पॉइंटची केली, मुंगीहून बारीक.
दुसरं पान गेलं.

नुसती प्रत सुधारून भागणार नव्हतं.
आडाचं पाणीच मचूळ, पोहरा किती धुवायचा?
साचा उघडला, हे सगळं तिथं पुन्हा केलं, जपून ठेवला,
नाव दिलं 'दाखला नवीन शेवटचा खरा'.
त्या दिवशी चहाबरोबर खाजंही मागवलं.

दुसऱ्या दिवशी जयराम गिरप दारात,
हातात दाखला, उलटसुलट करत.
"मागचां पान खंय?"
कसलं पान?
"कोरां. त्येच्यार पंपवालो कॅन मांडता.
इनासबाब म्हणायचो, एक पान हिशोबाक ऱ्हवांदे."

मी दाखल्याकडे बघत राहिले.
पाठपोट स्वच्छ, एका पानाचा, माझ्या हातचा.

मग चौदा गळ काय चुकून पडले होते
की मोजून,
हे आता विचारणार कुणाला.

साचा परत उघडला.
तक्त्याखाली एकच आडवी तुटक रेघ टाकली,
इथून नवं पान.
ती एक पॉइंटची ओळ तशीच ठेवली,
तक्त्याच्या पाठीला, खडकावरच्या कालवासारखी.

काल भिवा कुबल आले, पिन उचकटून बघितलं.
"अजून येताच?"
म्हटलं, येत नाही.
आता ठेवलंय.